कुत्र्यांनंतरचा विषय

आमच्या नगरपालिकेच्या सभेत भांडणाचा विषय नेहमी सगळ्यांत शेवटी घेतात. नियम नाही, पण वहिवाट पक्की. आधी दिव्यांचे खांब, मग गटारं, मग मोकाट कुत्री. कुत्र्यांवर तर आमचे पुरुष सभासद इतक्या पोटतिडकीने बोलतात की कुत्र्यांनाच संकोच वाटावा. तोवर अंधारून येतं. कुणाचं पोर पाळणाघरात असतं, कुणाच्या घरी स्वयंपाक व्हायचा असतो. एकेक बाई उठते, आणि शेवटचा विषय चुटकीसरशी निकालात निघतो. सुरुवातीला मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं. पुढे डोक्यात प्रकाश पडला.

त्या दिवशीचा शेवटचा विषय होता बाजाराच्या कोपऱ्यातली मोकळी जागा. तिथे भाजीवाल्यांसाठी स्वच्छतागृह व्हावं, हा माझा ठराव. उपाध्यक्षांना तिथे गाड्या लावायला तळ हवा होता. ते धंद्याने ठेकेदार, त्यांच्या मागे आम्ही त्यांना 'सिमेंट' म्हणतो. बाजारात पहाटे येऊन बसलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण प्यायली तर जायचं कुठे? माझ्या सासूने तिथे जन्म काढला. आता तिची मूत्रपिंडं गेलीत, ती अंथरुणाला खिळली आहे, आणि तिला रात्रीचं भरवायला मी लागते.

माझ्या बाजूला एक मत जास्त होतं. ते एक मत म्हणजे आमची धाकटी, नवीनच निवडून आलेली. कुत्र्यांचा विषय रंगात आला असताना ती माझ्याकडे झुकली.

"ताई, बाळाला ताप आलाय. सासूबाई म्हणतात, लगेच ये. काय करू?"

'बस' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण पोर अजून अंगावर पिणारं. मी म्हटलं, "जा बाई, जा." ती तोंड लपवत निघाली. सिमेंटने तिला दारापर्यंत नजरेने पोचवलं, मग घसा साफ करून म्हणाला, "कुत्र्यांवर पुरेशी चर्चा झाली, असं मला वाटतं."

आता मतं सारखी. म्हणजे निर्णायक मत देणाऱ्या अध्यक्षबाईंवर सगळं आलं. त्या खुर्चीवर बसलेली ही पहिली बाई. आम्हीच गळ्यात हार घालून त्यांना तिथे बसवलं होतं. मी बघितलं, तर टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि पाय तव्यावरच्या भाकरीसारखे फुगले होते.

"उशीर झालाय," त्या म्हणाल्या. "हा विषय पुढच्या सभेत घेऊ."

"घ्या की," सिमेंट म्हणाला. "बायकांना घरी जायचं असतं. आम्ही समजू शकतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण उठून बोलायचं त्राण नव्हतं. पुढची सभा म्हणजे पुन्हा कुत्री. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता. सभागृह इतकं शांत होतं की त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"कधी येतेस? आई उपाशी आहे."

"भात झाकून ठेवलाय. मऊ करा आणि तुम्ही भरवा."

"मला नाही जमत."

"मलाही जमत नव्हतं," मी म्हटलं. "शिकले. मी मतदान झाल्याशिवाय येणार नाही." आणि फोन ठेवला.

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग वाकून त्यांनी एकेक पाय चपलेत कोंबला.

"मतदान घेऊ," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

"अहो, पण तुम्ही तर आत्ता म्हणालात..." सिमेंट अर्धवट उठला.

"म्हणाले होते. बसा."

हात वर झाले, खाली गेले. मतं सारखी पडली. मग अध्यक्षबाईंनी आपला हात माझ्या बाजूने वर केला. ठराव झाला. टाळ्या वाजवायलाही कुणात जोर उरला नव्हता. आनंदाचं म्हणाल, तर मला फक्त आडवं व्हायचं होतं.

घरी आले तेव्हा नवरा खुर्चीतच पेंगत होता. त्याच्या शर्टावर भात, उशीवर भात, सासूच्या हनुवटीला भात. ती मात्र टक्क जागी होती. मी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं.

"मिळाली जागा?" तिने विचारलं.

"मिळाली."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग मिटल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं.

"मग आधीच का नाही गं कुणी बसलं शेवटपर्यंत?"

तुमच्या वेळी सभेत बाईच नव्हती, असं मी सांगणार होते. ते खरंही होतं. पण माझ्या वेळी होती की, मी स्वतःच. ती दर सभेला कुत्र्यांच्या विषयातच उठून यायची. हिचा भात लावायला.

मी फडकं पिळलं आणि तिची हनुवटी पुन्हा पुसली.