कपाळावरचा आकडा

माझं सलून आहे. आयुष्यभर लोकांच्या डोक्याशी खेळलो, पण कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते कधी कळलं नाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कपाळावर पट्टी लावली की तुमचा मेंदू किती झोपलाय ते आकड्यात दिसेल," तेव्हा मी फिस्सकन हसलो.

ते हसू वरवरचं होतं. मागे पित्ताशय काढताना मी मध्येच जागा झालो होतो. डोळे उघडेनात, बोट हलेना, आणि पोटात हात चालू. डॉक्टर मंडळी कुणाच्या तरी गळक्या गच्चीबद्दल बोलत होती. मी मनातल्या मनात बायकोला हाका मारत होतो. नंतर सांगितलं तर म्हणाले, "स्वप्न पडलं असेल." तेव्हापासून भुलीचं नाव काढलं की मी चपला शोधायला लागतो. आता हृदयाची झडप बदलली नाही तर फार दिवस उरले नव्हते, तरी मी अडून बसलो होतो. मरेन, पण पुन्हा तसा जागा होणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं. "काय काय ऐकलंत?"

मी गच्चीसकट सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही खरंच जागे होतात," त्या म्हणाल्या. एवढं एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं तळमळत होतो! मला रडूच आलं.

"शंभर म्हणजे टक्क जागे," त्या समजावू लागल्या. "मी चाळीस ते साठमध्ये ठेवीन. हृदयाचं काम मशीनने हाती घेतलं की नाडीवरून काही कळत नाही, तेव्हा हा आकडा उपयोगी पडतो. पण तोही काही देव नाही. म्हणून मी जागची हलणार नाही."

मग त्यांनी बायकोला जवळ बोलावलं. "वहिनी, ह्यांना माहीत नसलेलं एक वाक्य मला सांगा. हृदय थांबलेलं असताना मी ते ह्यांच्या कानात म्हणेन. उठल्यावर ह्यांना सांगता आलं, तर मी नापास."

बायको त्यांच्या कानात कुजबुजली. "माझ्यासमोर माझ्याविरुद्ध कारस्थान!" मी चिडून म्हणालो, आणि सही केली.

शुद्धीवर आलो, घशातली नळी निघाली, तेव्हा त्या समोर उभ्या. "काय म्हटलं होतं मी?"

खूप डोकं खाजवलं. कात्री नाही, गच्ची नाही, काही नाही. पाटी कोरी!

"ऑपरेशनसाठी थंड केलेलं शरीर पुन्हा गरम करताना तुमचा आकडा सत्तरीकडे निघाला होता," त्या म्हणाल्या. "लगेच औषध वाढवलं."

मी सुया टोचलेले हात कसेबसे जोडले. "बाई, तुमच्या यजमानांची कटिंग जन्मभर फुकट!"

"त्यांना टक्कल आहे हो," त्या हसल्या.

बायको भेटायला आली, तशी मी तिच्या मागेच लागलो. तिने चादर सारखी केली, उशी सारखी केली, मग म्हणाली, "'हाका मारू नका, मी दाराशीच बसलेय.' हेच."

"नाही ऐकलं गं."

"ते तुम्हाला ऐकू येऊ नये, म्हणूनच तर देव पाण्यात घालून बसले होते."