एक्क्याऐंशी टोल

हमीदने घंटेच्या बोल्टला पाना लावला, तेवढ्यात राजश्रीने खालून शिडी हलवली.

"खाली उतर आधी."

"पडेन ना गो काकी!"

"पडत नाहीस. उतर म्हणते ना."

हमीद पुटपुटत उतरला. ठेकेदार झाला तरी वाढला याच आळीत. काकीचा आवाज त्याला ठाऊक होता. पालीच्या रस्त्यावरच्या या जुन्या जांभ्याच्या चर्चचं आता समाजमंदिर व्हायचं होतं. कमिटीने ठराव केला, चहा घेतला आणि मोकळी झाली. बोल तरी कुणाला लावायचा? रविवारी प्रार्थनेला दोनच माणसं उरली होती, राजश्री आणि तिचे यजमान दादू. त्यातले दादू महिनाभर अंथरुणाला खिळलेले.

"घंटा कधी नेणार?"

"आजच. संध्याकाळी टेम्पो येतोय."

"मग त्याआधी टोल दे. एक्क्याऐंशी."

हमीद पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. चर्चमधलं माणूस गेलं की त्याच्या वयाएवढे टोल पडत, आणि चाळीस वर्षं ते दादूंनीच दिले होते. सगळी आळी हातातलं काम टाकून मोजत बसायची.

"काका गेले?"

"नाहीत. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा."

"या अल्ला! काकी, जित्या माणसाचे टोल? भलतंच काय सांगतेस?"

"त्यांनी सगळ्यांचे दिले रे. माझ्या सासूचे दिले. आमच्या लेकाचेही सहा दिले. आणि त्यांच्या वेळेला घंटाच नाही? भंगारात गेल्यावर कोण देणार आहे?"

हमीदने मान खाली घातली आणि दोर हातात घेतला.

"सावकाश दे," ती म्हणाली. "आणि चुकू नकोस. ते मोजतात."

घर चर्चच्या मागेच. ती आत पोचली तोवर पहिला टोल पडला. दादूंनी डोळे उघडले. चर्चचं काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. छपराची डागडुजी चाललीय, एवढंच सांगितलं होतं. त्यांचं बोट गोधडीवर हलायला लागलं. राजश्री पाठमोरी उभी राहून पेज ढवळत राहिली. पन्नास टोल झाल्यावर तिला वाटलं, धावत जावं आणि हमीदचा हात धरावा. गेली नाही.

घंटा थांबली.

"एक्क्याऐंशी," दादू म्हणाले. "माझ्याएवढाच दिसतो."

राजश्रीने पळी खाली ठेवली.

"कोण ते नंतर सांग. त्याची बायको एकटी असेल गो. तिथे आज चूल पेटायची नाही. पेज घेऊन जा, आणि बस थोडा वेळ तिच्यापाशी."

राजश्रीने वाडग्यात पेज ओतली. पदराने डोळे पुसले. दारापर्यंत गेली, चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आणि वाडगा घेऊन त्यांच्या उशाशी येऊन बसली.

जा म्हणून दादू परत बोलले नाहीत. सकाळपासून ती उपाशीच होती. तिने पेजेचा घोट घेतला.