ताट समोर आल्यावरच

जरा जवळ सरकून बसा. एका गोळीची आणि तिच्यामागे रेंगाळणाऱ्या ताटाची गोष्ट सांगायची आहे.

सुनेने शिलाई मशीनचं चाक हातानेच थांबवलं. सासऱ्यांच्या बोटांखालची कॉलर वाकडी शिवली गेली होती. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाची टीप अशी नागमोडी जात नसे. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते.

"साखर वाढलीय वाटतं," ते पुटपुटले आणि गोळ्यांच्या डबीकडे वळले. "अजून एक घेतो."

तिने डबी आधी उचलली. त्यांचं बोट टोचून यंत्रावर आकडा पाहिला. चोपन्न.

"वाढलीय? तळाला गेलीय, बाबा." तिने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पेला त्यांच्या हाती दिला. "दुसरी गोळी पोटात गेली असती, तर मी कुणाला हाका मारत बसले असते?"

पाव तासाने आकडा चढला, तसा तिचा आवाजही चढला.

"गोळी कधी घेतली?"

"साडेबाराच्या ठोक्याला."

"आणि जेवण?"

ते सुईत दोरा ओवू लागले. दोन वाजत आले होते.

आठवड्यातली ही तिसरी खेप. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: ताट समोर आल्यावरच ही गोळी घ्यायची; जेवण नाही तर गोळीही नाही. सासरे मान डोलावून आले होते. एक वाजता ती नवऱ्याला आणि त्यांना वाढायची. नवरा जेवून छापखान्यात परत जाई. सासरे म्हणत, "एवढी बाही लावतो, मग बसतो." ती बाही म्हणजे मारुतीचं शेपूट.

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. "आता मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगणार आहे. काय अडतं हो तुमचं एक वाजता जेवायला?"

"तू कधी जेवतेस?"

"माझं काय घेऊन बसलात. सगळं आवरलं की ओट्यापाशी."

"तुझी सासूही तशीच जेवायची. उभ्या उभ्या." दोरा सुईतून निसटला. "ती गेल्यावर भांडी आवरायला घेतली, तर तिचं ताट कोणतं, तेच मला सांगता येईना. म्हणून थांबतो. तुझा घास दिसला की बसतो."

ती पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तीन ताटं मांडली गेली.

"घ्या आता ती गोळी एकदाची," ती करवादली.

तिच्या ताटात भाजी पडेपर्यंत त्यांनी गोळी तळहातावर धरून ठेवली.

गोष्ट एवढीच. आज पहिला घास उचलाल तेव्हा, जिचं ताट कुणालाच ठाऊक नव्हतं, तिची आठवण असू द्या.