बाहेर पडले की परत घेईन

"एवढ्याशा अंगठीनं काय होतंय? वरून हातमोजा घालायचा. आत कोण डोकावून बघतंय?" शिवणयंत्रावरची मान वर न करता बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

लेकीच्या लेखी तो संपला नव्हता. ती नर्सिंग शिकत होती. वर्गातले धडे संपत आले होते आणि सोमवारपासून खऱ्या वॉर्डात, खऱ्या रोग्यांपाशी उभं राहायचं होतं. त्याआधी कॉलेजनं नियमांचा धडाका लावला होता. काविळीची लस टोचून घ्या, छातीचा एक्स-रे काढा, नखं कापा, केस बांधा, बोटं झाकणारे बूट घाला. मुलींनी नाकं मुरडली, सुई पाहून दोघींनी तर भोकाडच पसरलं. हिनं मात्र सगळं हौसेनं केलं. पण शेवटच्या नियमापाशी गाडी अडली. कोपरापासून खाली हातात काही म्हणता काही नको. घड्याळ नको, कडं नको, अंगठी नको.

आपल्याकडे नियम कानावर पडायचा अवकाश, की आपण आधी त्यातली पळवाट शोधतो. त्या बाबांना नावं ठेवायचं कारण नाही, तुम्ही-आम्ही तेच करतो.

वर्गात तिला सगळे साबणी म्हणत. नळापाशी उभी राहिली की हलायचं नाव नाही. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं अशी घासायची की मागून कुणीतरी ओरडायचं, "अगं साबणे, कातडी तरी शिल्लक ठेव!" तीही हसायची. हे घासणं कुठून आलं, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आईचं पोटाचं साधंसं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण जखम चिघळली. ताप चढला, विष रक्तात भिनलं आणि हसत आत गेलेली बाई घरी परत आलीच नाही. तेव्हा भेटायला आलेलं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं होतं, "कुणाच्या तरी हातून जंतू गेले असणार." बस्स! त्या दिवसापासून तो हात तिच्या मानगुटीवर बसला. डोळे मिटले की दिसायचा. आईच्या पोटावरच्या पट्टीकडे हळूहळू सरकणारा एक हात, फक्त मनगटापर्यंतचा. त्यापुढे माणूसच नसायचा. बसमध्ये दांडी धरलेले हात, दुकानात पुडी बांधणारे हात ती निरखून पाहायची आणि मनात म्हणायची, हाच तर नसेल?

अंगठी त्या आईचीच होती, बारीक खड्याची. ऑपरेशनला नेताना सिस्टर म्हणाल्या, "अंगावरचं सगळं काढून ठेवा." आईनं अंगठी ओढून काढली आणि लेकीच्या बोटात सरकवली. "इथून बाहेर पडले की परत घेईन. तोवर बोटातून काढू नकोस हं. धांदरट आहेस, हरवशील."

म्हणून ती काढत नव्हती. काढली म्हणजे आई आता ती मागायला येणार नाही, हे कबूल करावं लागणार होतं. कधीकधी बोटाशी कुणी हळूच ओढल्यासारखं वाटायचं. ती दचकून पाहायची, तर कुणी नसायचं. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग?

वॉर्डात धाडण्याआधी मुलींची तयारी करून घेणाऱ्या मॅडमना सगळ्या मागून फौजदारबाई म्हणत. शुक्रवारी सरावाच्या खोलीत त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले आणि हिच्यापाशी थांबल्या.

"ही अजून बोटात?"

"निघतच नाही, मॅडम. घट्ट बसलीय."

मॅडमनी त्या काटकुळ्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "बरं. आजचा सराव तशीच कर." खोटं पचलं, असं तिला वाटलं.

खोलीत खाटेवर रबराचा रोगी होता. मुली त्याला आजोबा म्हणायच्या. त्याच्या पोटावर रबराचीच जखम होती. मॅडमनी प्रत्येकीच्या तळहातावर थोडं पांढरं मलम दिलं. ते दोन्ही हातांना चोळायचं, मग हात धुवायचे, मोजे घालायचे आणि आजोबांची पट्टी बदलायची, असं काम. साबणीनं नेहमीसारखे हात घासले. मोजा चढवताना अंगठीपाशी जरा अडकला, तो तिनं ओढून नीट केला. पट्टी तर तिनं इतकी सुरेख बदलली, की शेजारची म्हणाली, "आजोबा, आता उठून बसा!"

"आता मोजे काढा, हात पुढे करा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडदे ओढून दिवे घालवले.

अंधार गुडूप झाला. मग मॅडमच्या हातातला निळा दिवा लागला. ते मलम साधं नव्हतं. जिथे धुतलं गेलं नव्हतं, तिथे ते त्या उजेडात चमकत होतं. कुणाची नखं चमकली, कुणाच्या बेचक्या, कुणाचा आख्खा अंगठा. मुली खिदळायला लागल्या. अंधारात माणसं दिसतच नव्हती. दिसत होते ते नुसते हात.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. नुसते हात, आणि त्यापुढे माणूस नाही!

दिवा तिच्यापाशी आला. तिचे हात कुठेच चमकले नाहीत, एवढे स्वच्छ होते. फक्त एका बोटाभोवती लखलखीत कडं पेटलं होतं. मॅडमनी तिचा मोजा उचलून उजेडात धरला. खड्यानं त्याला बारीकसं भोक पाडलं होतं. मग त्यांनी दिवा आजोबांच्या पोटाकडे वळवला.

जखमेच्या अगदी काठाला एक लहानसा डाग चमकत होता.

"नाही!" ती ओरडली. "मी धुतले होते हात! मॅडम, मी नीट धुतले होते!"

खिदळणं थांबलं. तिला तो रोजचा हात दिसला, पट्टीकडे सरकणारा. या वेळी त्याच्या बोटात बारीक खड्याची अंगठी होती. ती मटकन खाली बसली.

मॅडमनी दिवे लावले, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिच्या शेजारी फरशीवरच बसल्या. तेव्हा तिनं हुंदके देत सगळं सांगितलं.

"तुझ्या आईच्या वेळी काय झालं, मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या हातून झालं की कुणाच्याच नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण हातून झालं असेल, तर त्या माणसालाही वाटलं असेल, माझे हात स्वच्छ आहेत. तुला आत्ता वाटलं ना, तसंच. तू इतके दिवस एखादा राक्षस शोधत होतीस. अगं, राक्षस कशाला लागतोय? एवढ्यानं काय होतंय म्हणणारा साधा भला माणूस पुरतो."

"पण आईनं सांगितलं होतं, काढू नकोस."

"आणि तिनं स्वतः का काढली होती?"

तिनं दुसऱ्या हातानं अंगठी झाकली.

"सिस्टरनं सांगितलं म्हणून काढली. एका शब्दानं वाद घातला नाही. जिवापाड जपलेली वस्तू होती, तरी काढली. नियम तिनं पाळला, बाळ. तो सगळ्यांनीच पाळायला हवा होता."

तिनं अंगठी धरून ओढली. अंगठी निघायला काहीच वेळ लागला नाही. नळाखाली पांढरी रेघ राहिलेलं ते बोट तिनं पहिल्यांदाच पूर्ण धुतलं.

सोमवारी बाबा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आले. दोन वर्षांत ते या रस्त्याला फिरकले नव्हते. आई ज्या वॉर्डात होती तोच लेकीला मिळाला होता, आणि हे कळल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिनं रुमालातून अंगठी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"सांभाळा. इथून बाहेर पडले की परत घेईन."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. हे शब्द त्यांनीही आईच्या ऑपरेशनच्या दिवशी ऐकले होते. "असं बोलू नकोस गं," ते पुटपुटले. पण ती आत गेली होती.

दिवसभर ते फाटकासमोर बसून राहिले. शिवू म्हणून गिऱ्हाईकाचे कपडे सोबत आणले होते, त्यात एक टाका घातला नाही. मोज्याच्या आत कोण बघतंय, हे आपलेच शब्द त्यांना आठवत होते. मोज्याच्या आत बघायला खरंच कुणी नसतं! म्हणून तर तिथे आपण स्वतःच बघायचं असतं. लस, एक्स-रे, कापलेली नखं, रिकामी बोटं या कटकटी कुणाला छळायला काढलेल्या नाहीत. खाटेवर पडलेल्या माणसाला आपले हात तपासता येत नाहीत, तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला जागणं एवढाच सगळ्या नियमांचा अर्थ आहे.

संध्याकाळी फाटकातून पांढऱ्या कपड्यांतल्या मुली बाहेर पडू लागल्या. बाबा उठून उभे राहिले. एक घोळका गेला, दुसरा गेला. त्यांची मूठ घामानं भिजली. मग ती दिसली. दमली होती, केस विस्कटले होते, पण सरळ त्यांच्याकडेच येत होती.

बाबांनी घाईघाईनं मूठ उघडली. "घे, घे बाई तुझी तू!"

तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"थांबा बाबा. आधी हात धुऊन येते."

बाबांना हसू आलं आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ती फाटकाजवळच्या नळापाशी गेली, सावकाश हात धुतले, वाळू दिले. मग परत येऊन तिनं आईची अंगठी परत घेतली.