तितिपची चिठ्ठी

बू एंतीन दोन वाजता येणार होत्या. बांडुंगमध्ये बाटिकची नक्षी काढावी तर त्यांनीच, आणि आमच्या चित्र काढण्याच्या प्रोग्रामला त्या नाही म्हणाल्या की आमची मालकीण तेह विदा कंपनीला कुलूप लावणार होती.

मागच्या वेळी बाईंनी माउस फिरवला आणि रेघ मागून रडतखडत आली. "पोरी, माझा हात घरी पोचला, तुझी रेघ अजून वाटेतच!" म्हणत त्या उठून गेल्या. दोष माझाच. माउस केसभर हलला तरी मी लिहिलेला प्रोग्राम पडद्यावरचं अख्खं कापड पुन्हा रंगवत होता, सेकंदाला शेकडो वेळा!

आज सकाळी तोडगा सापडला. माउसच्या साचलेल्या हालचाली फेकायच्या, फक्त शेवटची घ्यायची. रेघ अशी सुसाट सुटली की मी खुर्चीतच गरगर फिरले. "शेवटचं तेवढं खरं!" मी सगळ्यांना ऐकवलं.

बारा वाजता ऑफिसातला कांग तातांग जेवण आणायला निघाला. बाहेर जाणाऱ्याच्या गळ्यात आपलं 'तितिप', म्हणजे 'येताना माझंही आण', अडकवायचं, हा आमच्याकडे जन्मसिद्ध हक्क.

"कांग, तितिप! मला एक बातागोर, कुरकुरीत तळलेला!" मी ओरडले.

"मला लोतेक, चटणी जास्त!" तेह विदा म्हणाली. तो जिन्यात पोचल्यावर ती पुन्हा ओरडली, "आणि एक चेंडोल!"

तातांग परतला तो चेंडोलचा एकुलता एक पेला घेऊन.

"बाकीचं कुठाय?"

"नेंग, तूच म्हणालीस ना, शेवटचं तेवढं खरं?"

गडी स्वतःचं जेवणही विसरला होता! तेह विदा हसून हसून लोळली. मला मात्र माझी रेघ आठवली. मी धावत जाऊन माउसने झरकन गोल काढला, तर गोलाला कोपरे! मधली वळणं मीच फेकली होती.

"कांग, चिठ्ठी कर! सगळ्यांचं लिही, पण फेरी एकच मार!"

तो पळाला, आणि मी तेच प्रोग्रामला शिकवलं. हालचाल प्रत्येक टिपायची, रंगवायचं एकदाच.

दोनला बू एंतीन आल्या, पर्स खांद्यावरच. "पाचच मिनिटं हं. ड्रायव्हर खाली थांबलाय."

त्यांनी माउस धरला. ढगाचं एक वळण निघालं, त्याच्या पोटात दुसरं, मग तिसरं. रेघ हाताला चिकटून पळत होती. कधीतरी त्यांची पर्स खाली टेकली.

तातांग सगळ्यांना विचारून कॉफीची चिठ्ठी लिहून निघाला तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही.

"अरे, खाली चाललायस? ड्रायव्हरला म्हणावं, जा घरी. आणि तितिप, मलाही एक बातागोर. चिठ्ठीत लिही हं."