एक बारी बिनभोंग्याची

"आमची हर्षाली बोलती," एवढंच तिची आई पाहुण्यांना सांगायची. मुलीचं नेमकं काम काय, ते तिला स्वतःलाच नीट उमगलं नव्हतं. पेठ गावातल्या घराच्या माडीवर भिंतींना गोधड्या ठोकून हर्षालीने एक खोली आवाजबंद केली होती. तिथे बसून ती मंचर-नारायणगावच्या दुकानांच्या जाहिराती बोलायची, गाडीवर भोंगा लावून माल विकणाऱ्यांना घोषणा रेकॉर्ड करून द्यायची, आणि दर आठवड्याला मुलांसाठी इकडच्या बोलीतली एक गोष्ट इंटरनेटवर टाकायची. शिवाय ती आवाज विकायची. विहिरीवरची मोटर, टोमॅटोच्या क्रेटची आदळआपट, भीमाशंकरच्या रानातली पाखरं, असलं काहीबाही टिपून तिने वेबसाइटवर ठेवलं होतं. सिनेमावाले आणि गेम बनवणारे ते विकत घेत.

त्यातूनच हैदराबादच्या एका कंपनीचा मेल आला. बैलगाडा शर्यतीवर ते मोबाइलचा गेम करत होते. त्यांना खुरांचा, चाकांचा, घुंगरांचा खरा आवाज हवा होता. मात्र त्यात भोंगा नको, माणसांचा गलका नको. हा नमुना पसंत पडला, तर सगळ्या गेमच्या आवाजाचं काम तिला मिळणार होतं.

हर्षाली जिन्यावरून उड्या मारतच खाली आली. "आई, यात्रा कधी हाय आपली?"

"शनवारी. का गं?"

शनिवारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. घाट म्हणजे बैल पळवायची चढाची धावपट्टी. एकेका गाड्याची एकेक बारी सुटत होती आणि दर बारीला कर्ण्यातून समालोचक रामदासचा आवाज घुमत होता. "आली, आली, आली... भिर्रर्र!" आसपासच्या सगळ्या यात्रा रामदासनेच गाजवलेल्या. पूर्वी भोंग्यावरच्या घोषणाही त्याच्याच आवाजात असायच्या. हर्षालीने काम सुरू केल्यावर ती गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली, आणि तेव्हापासून रामदास तिच्याशी धड बोलत नव्हता.

ती थेट यात्रा कमिटीचे अध्यक्ष चांगदेव आण्णा यांच्याकडे गेली. "आण्णा, फकस्त एक बारी. भोंगा बंद, माणसं गप."

"अगं, शर्यत हाय का शोकसभा?" आण्णा हसायलाच लागले.

शेजारी बसलेल्या रामदासला हसू आलं नाही. "आदी माझी गिऱ्हाइकं नेलीस. आता माईक बी न्यायला आलीस व्हय?"

"माईक नको, भाऊ. तुमीच पायजे मला," हर्षाली म्हणाली. "ही एवढी जत्रा गप करायची, तर कुणाचा आवाज लागंल? माझं कोण ऐकतंय इथं?"

रामदासने गर्दीवरून नजर फिरवली. आजवर त्याने या माणसांना नुसतं ओरडायला लावलं होतं. गप्प करून दाखवणं म्हणजे कामच होतं ते! तो उठला, घसा खाकरला.

"मंडळी! येणारी बारी आपल्याला नुसती कानानं बघायचीय. शिट्टी न्हाई, आरोळी न्हाई. पेठचा आवाज हैदराबादला चाललाय, राव! बघू, किती गप बसता येतंय तुमाला!"

लोक आधी हसले. मग एकमेकांना "शू शू" करू लागले, आणि बघता बघता अख्खा घाट शांत झाला. हर्षाली धावपट्टीच्या कडेला माईक धरून पालथी पडली. झेंडा पडला. खुरं वाजली, जवळ आली, आणखी जवळ आली आणि...

"या, या, या! थंडगार मलई कुल्फी! मंचरच्या झीशानभाईंची कुल्फी!"

आवाज हर्षालीचाच होता. तिनेच झीशानला रेकॉर्ड करून दिलेली घोषणा! कुल्फीवाला झीशान घाबरून आपल्या भोंग्यावर थपडा मारत होता, पण अडकलेलं बटण काही सुटेना. "लहान-थोरांची आवडती!" हर्षाली गोड आवाजात सांगतच राहिली.

सगळा घाट हसून लोटपोट झाला. रामदासने माईक उचलला. "मंडळी, मला गप बसवलं. पण हिला कोण गप बसवणार?"

हर्षालीलाही इतकं हसू आलं की तिला उठताच येईना. शेवटी रामदासच स्टेजवरून उतरला आणि हात देऊन त्याने तिला उभं केलं. तोही हसत होता.

"परत करायची?" त्याने विचारलं.

"आता न्हाई," चांगदेव आण्णा मध्येच म्हणाले. "येळ झालाय. अन् गलका नसला तर बैलं पळायची न्हाईत. कोण देणार आपली बारी?"

"माझी घ्या," मागून आवाज आला. ठकूबाई होती. एवढ्या गाडामालकांत ती एकटीच बाई, आणि तिच्या बैलांवर सगळ्यांचं लक्ष. "माझी बैलं भोंग्यावर पळत न्हाईत, आण्णा. पायावर पळत्यात."

आण्णांनी हसत हात वर करून परवानगी दिली. झीशानने भोंग्याची बॅटरीच काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर धरली. रामदासने पुन्हा साद घातली. या वेळी तर शेंगदाणे खाणाऱ्यांचीही तोंडं थांबली.

झेंडा पडला. सुरुवातीला नुसतीच घुंगरं वाजली. मग जमिनीच्या आतून यावी तशी धडधड सुरू झाली. हर्षालीला ती आधी पोटात जाणवली, कानात नंतर आली. बैलांचे फुत्कार, दगडावरून उसळणाऱ्या चाकाचा खडखडाट, लाकडाची करकर, बैलांना वाट दाखवत पुढे धावणाऱ्या घोडीच्या टापा, सगळं अगदी वेगवेगळं ऐकू येत होतं. गाडा तिच्या अंगावर मातीचे खडे उडवत वर गेला. त्याने निशाण ओलांडलं आणि असा जल्लोष उठला की हर्षालीने हेडफोन ओढून काढला. ठकूबाईचा गाडा पहिल्या नंबरात, म्हणजे सगळ्यांत वेगवान गाड्यांत आला होता.

गर्दी पांगल्यावर रामदासने हेडफोन मागून घेतला. डोळे मिटून त्याने ती बारी ऐकली.

"माझ्या बोलण्याखाली हे सगळं व्हतं?"

"व्हतं की, भाऊ."

"परत लाव," तो म्हणाला.

कंपनीचं उत्तर यायला आठवडा लागला. काम हर्षालीला मिळालं होतं. वर आणखी एक मागणी होती. समालोचक हवा, अस्सल. तिने तडक रामदासला फोन लावला.

इस्त्रीचा शर्ट घालून तो माडीवर आला आणि पहिलंच "भिर्रर्र" असं ठोकलं की खाली आईच्या हातातलं पातेलं पडलं.

"भाऊ, माईक तोंडाशीच हाय. घाटाच्या पल्याड न्हाई पोचवायचंय."

"मग हळू कसं ओरडायचं, ते तरी शिकव."

दोन दिवसांत तो शिकला. मग गेमसाठी उघड्या माळावरचा वारा हवा होता, म्हणून दोघं स्कूटरवरून आणेपठाराकडे निघाले. हर्षालीच्या डोक्यात नुसता कल्लोळ चालला होता. आवाजांची स्वतःची कंपनी काढायची, ठकूबाईच्या तोंडून बैलांच्या गोष्टी रेकॉर्ड करून घ्यायच्या, खेड्याखेड्यांतले आवाज गोळा करायचे, पोरींना हे काम शिकवायचं. गाडी चालवताना ती हे सगळं मोठमोठ्याने सांगत होती. मागे बसलेल्या रामदासला वाऱ्यामुळे त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण तो प्रत्येक वाक्याला जोरात ओरडत होता, "चालतंय! चालतंय की!"