खुशालीचं कार्ड

‘इंग्रजांचं राज्य तोफांवर उभं नाही, टपालावर उभं आहे,’ असं पद्मराज मास्तर चौथीच्या वर्गाला दर सोमवारी सांगत. शाळेचं छप्पर गळतं, हा मास्तरांचा अर्ज चार वर्षांपूर्वी त्याच टपालानं बेळगावला गेला होता. पावसाळ्यात साम्राज्याविषयीचं हे व्याख्यान वर्ग भिंतीला चिकटून ऐकत असे.

मास्तर मूळचे निपाणीकडचे, जैन. पत्रलेखन हा त्यांचा जीव की प्राण. त्यांनी स्वतःच्या हातानं एक वही केली होती आणि तीत बावीस प्रकारची पत्रं नमुन्यादाखल उतरवली होती. वडिलांस पत्र, मामास पत्र, लग्नाचं आमंत्रण, मामलेदारसाहेबांस विहिरीबाबत विनंती. उचगावच्या पलीकडच्या त्या गावात मामलेदार कधी आला नव्हता, पण आलाच तर त्याला काय लिहायचं हे चौदा पोरांना तोंडपाठ होतं.

जर्मन लढाईमुळं कागद मिळत नसे. म्हणून मास्तर एका तावाचे आठ तुकडे करून एकेक पोराला देत आणि तुकड्याचा कोपरा दुमडला की छडी. फाटला तर दोन. एकदा तपासणीला कानडी साहेब आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्यांनी सगळ्या कागदांचे कोपरे बघितले, ‘छलो, छलो’, म्हणजे छान, छान, म्हणाले आणि दूध पिऊन गेले. मास्तरांना तो शेरा वर्षभर पुरला.

चौदांत एकच मुलगी. बाळाबाई, वय अकरा. तिचा बाप भावकू पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला, त्याच्या आदल्या दिवशी तिला हाताला धरून शाळेत घेऊन आला होता.

‘मास्तर, मला अक्षर येत न्हाय, हिच्या आईला येत न्हाय,’ तो म्हणाला. ‘हिला लई शिकवू नका. घरचं काय झालं-गेलं मला कळवाय येईल, पत्राएवढंच शिकवा.’

‘पत्राएवढंच म्हणजे काय रं भावकू? पत्रात सगळं आलं.’

‘मग सगळं शिकवा.’

मास्तरांनी बावीस प्रकार शिकवले. तेविसावा शिकवला नाही. एकदा गुंडूनं विचारलं होतं, ‘मास्तर, माणूस मेल्यालं पत्र कसं लिवायचं वो?’

मास्तर छडी शोधायला लागले.

‘तोंड धुऊन ये जा! शाळा आहे ही. असलं सरावाला लिहितात होय?’

त्यात मास्तरांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. असलं पत्र उगीच लिहिलं तर ते खरं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मरणाच्या कार्डावर वर श्री घालत नाहीत आणि त्याचा एक कोपरा फाडतात, हेही मोठ्यांना ठाऊक होतं. असं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेरच वाचायचं, तिथंच फाडायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. त्यामुळं झालं असं, की गावातल्या एकाही पोरानं असलं कार्ड जन्मात बघितलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी आली. ताप चढायचा, मान मोडल्यासारखी व्हायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस संपायचा. शाळा बंद झाली. मास्तर स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळले. उठले आणि हजेरी घेतली, तेव्हा चौदांतले दहाच ‘हजर’ म्हणाले. गुंडू म्हणाला नाही.

भावकूची बायको जयाबाई पहिल्याच आठवड्यात गेली. मागं बाळाबाई आणि अडीच वर्षांचा शामू. शेजारची रुक्माबाई दोन वेळची भाकरी टाकायची. पण तिच्या घरातही तिघं अंथरुणात होती.

‘बाळाक्का, तुझ्या आप्पाला कळीव गं,’ रुक्माबाई म्हणाली. ‘हे पोरगं मला लक्षण धड दिसंना. बाप आला तर काय तरी करंल. तुला येतंय न्हवं लिवाय?’

‘येतंय की.’

‘मग बस लिवाय. मास्तर पडलाय तापात, त्याला इचारत बसू नगं.’

पलटणीचा पत्ता बाळाबाईला पाठ होता. नवा बोरू तासून घेतला. कार्ड मांडीवर न ठेवता पाटीवर ठेवलं, म्हणजे दुमडायला नको. आणि सुरेख, सरळ ओळीत, शिकवल्याप्रमाणे लिहिलं:

‘श्री. तीर्थरूप आप्पांचे सेवेशी बाळाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील सर्व मंडळी ईश्वरकृपेने खुशाल आहेत. आपली खुशाली कळवावी. आई वारली. शामूला जुलाब होतात. रजा घेऊन लवकर यावे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे.’

पहिल्या चार ओळी सगळ्याच पत्रांत असतात. त्या गाळल्या तर मास्तर पाच गुण कापत.

कार्डाचे चारी कोपरे शाबूत होते.

उत्तर मार्गशीर्षात आलं. तोवर शाळा परत सुरू झाली होती. बाळाबाई शामूला काखेत घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. पोरगं काखेत आहे की नाही, इतकं हलकं झालं होतं.

‘मास्तर, आप्पांचं पत्र आलंय.’

‘छान! वाच.’

‘मी वाचलंय.’ ती जागची हलली नाही. ‘मास्तर, आई मेल्याचं कळून माणसाला आनंद हुतो काय?’

मास्तरांनी पत्र घेतलं. पलटणीतल्या कुणा लेखनिकाचं घाईतलं अक्षर होतं. ‘तुझे कार्ड पोचले. पाहून फार आनंद झाला. मी खुशाल आहे. अजून सहा महिने कोण राहतो म्हणून साहेबांनी विचारले. घरचे सर्व ठीक आहे असे कळल्यावरून मी नाव दिले. तुझ्या आईला सांगणे की तिच्यासाठी लुगडे घेतले आहे, हिरवे.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग तिला विचारलं, ‘तू काय लिहिलं होतंस?’

तिनं म्हणून दाखवलं. तोंडपाठ होतं. ‘आई वारली’ हे म्हणतानाही तिचा सूर ‘विनंती विशेष’ला होता तोच होता. तसाच म्हणायला शिकवला होता.

‘श्री घातला होतास?’

‘व्हय.’

‘कोपरा?’

‘न्हाय फाटला, मास्तर,’ ती घाईनं म्हणाली. ‘शप्पत. जरासुद्धा दुमडला न्हवता.’

मास्तर खाली बसले. खुर्ची जरा डावीकडे होती, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. वर्ग हसला नाही.

त्याच दिवशी मास्तरांनी भावकूला स्वतः पत्र लिहायला घेतलं. तेवीस वर्षं पत्रलेखन शिकवणाऱ्या माणसाला त्याला तीन दिवस लागले. नमुना नव्हता. पहिल्या खर्ड्यात ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ असं आलं, ते मामलेदाराला लिहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात संसार असार आहे, असं दोन पानं आलं. तिसऱ्या दिवशी ‘जयाबाई वारली, मूल आजारी आहे, निघून ये’ एवढं राहिलं. म्हणजे पोरीनं लिहिलं होतं तेच. श्री घातला नाही. कोपरा फाडताना निम्मा पत्ता फाटून आला. पुन्हा नवं कार्ड आणावं लागलं.

ते कार्ड टपालात असतानाच, पौषात, शामू गेला. रुक्माबाई म्हणाली, ‘आठ दिस आधी बाप आला असता तर बेळगावला तरी न्हेलं असतं.’ कार्ड फाल्गुनात परत आलं. पलटण हलली होती.

भावकू चैत्रात आला. वेशीवरच त्याला रुक्माबाई भेटली, आणि जे सांगायचं ते तिनं तिथंच सांगितलं. हिरव्या लुगड्याचं बोचकं त्यानं तिच्या हातात दिलं ते परत मागितलं नाही. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खाकी सदरा घालून शाळेत आला. मास्तरांनी पोरांना सुट्टी दिली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मास्तरांनी छडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, ती कुणासाठी ठेवली कोण जाणे.

भावकू उंबऱ्याशी बसला. त्यानं खिशातून कार्ड काढलं. खिशात राहून मऊ पडलं होतं, पण धड होतं.

‘पाच महिने छातीशी हुतं हे,’ तो म्हणाला. ‘वाचून घ्यायची रांग येगळी, लिवून घ्यायची येगळी. वाचणारा हवालदार तिकडच्या तापात गेल्याला. म्या म्हटलं, वाचायचं काय त्यात? वर श्री हाय, कोपरा धड हाय. कळलं की समदं. लिवणाऱ्यानं इचारलं, घरी बरं? म्हटलं, बरं.’

मास्तर उभे राहिले. या भेटीसाठी तीन महिने त्यांची तयारी झाली होती.

‘भावकू, अपराधी मी आहे,’ ते म्हणाले. ‘पोरीनं सगळं लिहिलं. मी तिला ते कसं लिहायचं ते शिकवलं नाही. खुशाल आहे हेच आधी लिहायचं, हे मी शिकवलं. कोपऱ्यासाठी मी मारलं पोरांना. अमंगळ म्हणून जे शिकवलं नाही तेच गावाच्या कामाला आलं असतं. तू मला मार. शिव्या घाल. वर अर्ज कर, मी स्वतः लिहून देतो. तेवीस वर्षं या खुर्चीवर बसलो, तुझ्या एका पोराच्या बदल्यात...’

डोळ्यांना पाणी आलं. बाहेर पोरं खिडकीला लागली होती.

भावकू ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं कार्ड खाली जमिनीवर ठेवलं, खिशातून तंबाखूचं पान काढलं, चुरगाळून तळहातावर घेतलं, दुसऱ्या खिशात चाचपलं, मग पहिल्या खिशात परत चाचपलं.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘जरासा चुना हाय काय?’